विमानाच्या पोटावर कानस

ता. १२ फेब्रु. ७८, रवि. नाचणगाव

काशी, जवाईबापू अन् वसंता सकाळच्या बसनं केळझरहून आले. काशी माझी लहानी बहीण, जवाईबापू तिचा नवरा, वसंता तिचा पोरगा, शाळामास्तर. त्याच्यासाठी पोरगी पाहाची होती. आपल्याच गावातली, नामदेवची शोभा. मी मामा, म्हणून बैठकीत मले पुढं बसवलं. पोरगी बरी हाय. मॅट्रिक. जास्त लाजत नाई, हे एक चांगलं.

नामदेव दोन साल झाले गावात आला. तरणा असतानी बापासंग भांडून गेला तो गेलाच. वीस साल फौजेत होतो म्हणते. विमानावर होतो म्हणते. बायको तिकडंच वारली, पोरगी नागपुरात मावशीकडं शिकली. पेन्शनचे कागद कोण्या कचेरीत अडकले म्हणते. गावातले लोक म्हणतात, कायची फौज, नागपुरात हॉटेलात होता. मले काय करायचं. पण जवाईबापूनं विचारलं.

'फौजेतला माणूस विमानात काय करे जी? पायलट होते काय?'
'नाई जी. पोते लोटत होतो.'
सारे हासले. विमानातून पोते!

मंग जवाईबापू म्हणे, काई हाय काय दाखवाले? नामदेव आत गेला. पेटीतून लाल फडक्यात बांधलेलं विमान आणलं. तळहाताएवढं. दोन पंख्याचं, हिरवट रंग, शेपटाखाली एक बारकं चाक. 'आमचं असंच होतं. निघतानी देलं मले,' एवढंच बोलला. जवाईबापूनं उलटं-सुलटं केलं अन् मले देलं. 'पाहा दादाजी. धातूतलं तुमाले समजते.'

समजतेच. पन्नास साल भांडे ठोकून राह्यलो. हातात तोललं. पितळेचं असतं तं सव्वापट भरलं असतं. नखानं वाजवलं, बद्द. खिशात लहानी कानस राह्यतेच. आमच्या धंद्यात वस्तूच्या तोंडावर कानस मारत नाई, चेहरा बिघडते. बुडाले माराची. पोटाखाली आधीच बारीक ओरखडे होते, पोरासोराइनं खेळून पाडले असन. खराब जागा पाहून तठीच चार हात मारले. रंग गेला, निळसर पांढरं निघालं. जस्त. साचात ओतेल. पंखाच्या कडेले साचाची रेघ बी दिसे. म्या म्हणलं, 'जस्ताचं खेळणं हाय. मोठ्या शहरात दुकानात मिळते. सरकार इनाम देईन तं जस्ताचं नाई देणार.'

सारे हासले. नामदेव नाई हासला. फडक्यात बांधून आत नेलं.

सुपारी फोडलीच नाई. बसवर जातानी जवाईबापू म्हणे, 'बरं झालं दादाजी, तुमी होते.' पाच मिनिटाचं काम. उगाच लोक चार-चार दिवस चौकशा करतात.

ता. १४, मंगळ.

गव्हाले वारा चांगला. पाणी भराचे तीन गुंड कल्हई करून देले.

दौलतच्या टपरीवर नामदेवले नाव पडलं. जस्त्या पायलट. म्या नाई ठेवलं, दौलतनं ठेवलं. पण आयकून हासलो.

घरवाली बुढी दोन दिवसापासून फुगून हाय. आज बोलली.
'तुमाले कोणं सांगतलं होतं कानस माराले?'
'धातू पाहाची तं कानस माराच लागते.'
'दुसऱ्याच्या घरी बसून, दुसऱ्याच्या वस्तूले?'
'वस्तू ते वस्तू.'
'तुमच्या दाढेत सोनं बसवलं म्हणता ना, त्याले मारून पाहा एक डाव.'

बाईच्या जातीसंग कोण बोलन.

ता. १७, शुक्र.

काशीचं कार्ड आलं. समुद्रपूरकडची एक पोरगी पाहून राह्यले. 'दादा, नामदेवले तूच सांगून दे, आमाले बरं नाई वाटत.' याइले बरं नाई वाटत अन् मले वाटते.

घरात जाऊन बसा, पाणी प्या, मंग इकडचं तिकडचं, मंग मुद्दा. एवढा वेळ कोणाले हाय. सायकलवरून रस्त्यातूनच सांगतलं, 'नामदेव, केळझरच्याइचं जमत नाई बरं.' तो अंगणात बसेल होता. त्यानं मान हलवली. शोभा विहिरीवरून घागर घेऊन येत होती, ते मले मंग दिसलं. शेजारच्या दोघी बाया बी होत्या.

ता. २०, सोम.

नामदेव दुकानावरून गेला. आधी थांबे. बोलत नसे जास्त, पण ऐरणीजवळ उभा राहून ठोका आयके. आज रस्त्याच्या पलीकडून गेला, तिकडं नाली हाय तरी.

जाऊ दे. खोटं बोलणाऱ्यानं लाजलंच पाह्यजे.

ता. २५, शनि.

लिहाचं नव्हतं. लिहितो.

दुपारी शोभा दुकानात आली. एकटी. लाल फडकं माझ्या पुढ्यात ठेवलं.
'काकाजी, हे पहिल्यासारखं होते काय?'
म्या म्हणलं, 'हो, रंग लावून देतो. दोन दिवसानं येजो.'
'रंग नाई जी. नावं.'
'कायचे नावं?'
'तुमी घासले ते.'

मले काई समजलं नाई. तिनं विमान उलटं केलं, पोट माझ्याकडं. म्हणे, बाबासंग आणखी तिघं होते. एक सरदार, एक बंगाली, एक केरळातला. चौघं एकाच विमानावर. पहाडात जिथं रस्ताच नाई तिथल्या चौक्याइले पीठ-तांदूळ वरूनच टाकाचे. विमानाचा दरवाजा उघडा, हे चौघं पाठीवर पडत अन् पायानं पोते बाहेर लोटत. गावात आल्यापासून कोणी विचारलं नाई म्हणून बाबा सांगत नाई. मंग बाबाचा कान फुटला, काम बंद झालं. निघतानी त्या तिघाइनं कलकत्त्याच्या दुकानातून हे विमान आणलं, अन् खाली सुईनं आपापले नावं कोरले. ज्याच्या त्याच्या भाषेत.

म्या म्हणलं, 'ते ओरखडे?'
'ओरखडे नाई जी.'

मी चश्मा लावत नाई. नखरे वाटते. आत जाऊन बुढीचा आणला, दांडी तुटेल, सुतळी बांधेल. लावून उन्हात पाह्यलं. कडेले एक वळण राह्यलं हाय. अर्धं अक्षर असन. कोण्या भाषेचं, मले काय समजते. बाकी सपाट. चकचकीत. कानस चांगली होती.

'त्या तिघाइले लिहून पाहू. नाव कागदावर लिहून धाडतीन.'
'बंगाली काका वारले. दोघाइचा पत्ता नाई.'

मंग ती म्हणे, 'बाबानं बैठकीत नावं दाखवालेच आणलं होतं. तुमी उलटं करून पाहान, मंग विचारान, असं वाटलं त्याइले.'
'मंग बोलला काऊन नाई तो?'
'तुमी वेळ कुठं देल्ला जी?'

विमान परत फडक्यात बांधून घेऊन गेली. रागावली नाई. रागावली असती तं बरं झालं असतं, मी बी रागावलो असतो.

ता. २६, रवि.

दुकान बंद. गुडघे दुखतात म्हणून सांगतलं.

मांगचं पान वाचलं. ता. १२. 'पोरासोराइनं खेळून पाडले असन.' माझ्याच हातानं लिहेल हाय. 'खराब जागा पाहून.' पान फाडाचं मनात आलं. नाई फाडलं. काई तरी तं राह्यलं पाह्यजे.

बाप शिकवे, तोंडाले हात लावू नको, बुडाले लाव, बुडाकडं कोणी पाहत नाई. पन्नास साल केलं. कोणाचं काई गेलं नाई. गेलं असन तं मले सांगतलं नसन.

जस्त ते जस्तच हाय. दुकानातलं खेळणंच हाय. म्या खोटं एक अक्षर बोललो नाई. हे सकाळपासून दहा डाव म्हणून पाह्यलं. काई फरक पडत नाई.

ता. १ मार्च, बुध.

नामदेवकडं गेलतो. अंगणात बाजेवर बसेल होता. मी बाजूले बसलो. गहू कापला काय विचारलं. कापला म्हणे. पोते किती झाले विचारलं. सांगतलं. अंगणात चिमण्या होत्या.

उठता उठता हळूच म्हणलं, 'नामदेव, ते माझं चुकलं बरं.' तो समोर पाहून राह्यला होता. काई बोलला नाई.

रस्त्यात ध्यानात आलं. मी त्याच्या डाव्या अंगाले बसलो होतो. डावाच कान गेला हाय त्याचा.

ध्यानात आलं असं लिहितो. खरं म्हणजे बसतानीच माहीत होतं.

ता. ४, शनि.

तांब्याचा नवा गुंड काढला, दुकानातला सगळ्यात चांगला. ठोके मीच मारेल. नामदेवकडं धाडला. तासाभरात शोभा परत घेऊन आली. 'बाबा म्हणे, आमच्याकडं हाय.' ओट्यावर ठेवला, गेली.

बुढी म्हणे, 'तोंडानं नाई झालं म्हणून भांड्यानं कराले गेलते काय?'
'तू चूप राह्य.'
'मी चूपच हावो. पूरा गाव बोलून राह्यला. आज पाणक्याची बाई शोभाले म्हणे, तुहं लग्न विमानात लावू.'

लगन मोडलेल्या पोरीचं गावात काय होते मले माहीत हाय. दुसरं स्थळ येते तं ते पह्यले विचारते, पहिल्यानं काऊन सोडलं? अन् टपरीवर दौलत बसूनच हाय सांगाले.

ता. १२, रवि.

केळझरले जाऊन आलो. बसमध्ये उभं राहून. गणपतीच्या पायऱ्या चढलो नाई, खालूनच हात जोडले.

काशीच्या घरी सारं सांगतलं. तिघं बी होते. जवाईबापूनं पूरं आयकून घेतलं, मंग म्हणे,
'म्हणजे ते विमान सरकारी होतं?'
'नाई. दुकानातलंच.'
'जस्ताचं?'
'जस्ताचंच.'
'मंग तुमी बरोबरच सांगतलं ना दादाजी. काऊन जीव खाता?'

हेच मी मले पंधरा दिवसापासून सांगून राह्यलो. दुसऱ्याच्या तोंडून आयकलं तं कसं तरी झालं.

म्या म्हणलं, 'त्याच्यावर तीन नावं होते. खेळणं पोराइचं असतं तं तीन मुलखाच्या भाषेत नावं कोण कोरन?'
'तुमी वाचले?'
'नाई.'
'दुसऱ्या कोणी?'
'त्यानं अन् पोरीनं.'
'म्हणजे त्याइच्याच तोंडचं झालं. आता पुरावा कुठं हाय?'

पुरावा कुठं हाय. माझ्या कानशीच्या दातात असन. दुसऱ्या दिवशी ब्रशनं साफ केली होती म्या.

वसंता कोपऱ्यात वह्या तपासत होता. त्यानं मान वर केली. 'मामाजी, ते ओरखडे तुमाले दिसले होते?'
'दिसले होते.'
'मंग तठीच काऊन?'
'खराब जागा होती म्हणून.'
त्यानं वही मिटली. बापाले म्हणे, 'मले पोरगी पसंत होती. मले कोणं विचारलंच नाई.' जवाईबापू म्हणे, 'तुले काय विचाराचं, बैठकीतच निकाल लागला.' वसंता माझ्याकडं पाहून उठला अन् बाहेर गेला. समुद्रपूरचं बी मोडलं, म्हणजे यानंच मोडलं, हे काशीनं मंग सांगतलं.

बसवर काशी पोचवाले आली. म्हणे, 'दादा, माझ्या घरात बसून सांगणं सोपं हाय. तठी सांगशील काय? त्याच लोकाइत?'
'सांगीन.'
बोलून गेलो.

ता. १५, बुध.

नामदेवकडं. आज उजव्या बाजूनं बसलो.

'नामदेव, म्या चूक केली. न पाहता घासलं.'
'माहीत हाय. त्या बुधवारीच सांगतलं ना तुमी.'
'आयकू आलं होतं?'
'डावा अर्धा चालते.'
'मंग काई बोलला काऊन नाई?'
'तुमी हळू बोलले. मले वाटलं तुमालेच आयकाचं नाई.'

मान खाली घातली. माझ्या वयाच्या माणसानं मान खाली घालून बसणं काई चांगलं दिसत नाई. बसलो.

म्या विचारलं, काय लिहेल होतं नक्की? तो म्हणे, नावंच. करतारचं मोठं, त्याले बारीक जमतच नव्हतं, त्यानंच अर्धी जागा खाल्ली. त्यावर थॉमसनं त्याले शिव्या देल्या. बिमलची सुई तुटली, त्यानं मंग पिनेनं पूरं केलं, म्हणून त्याचं शेवटचं अक्षर जाड होतं. बोलतानी नामदेव हासला. दोन सालात पहिल्यांदा पाह्यलं. दात पुढचे नाईत त्याचे.

मले एकदम सुचलं. म्हणलं, 'पुलगावले फौजेच्या डेपोत साऱ्या मुलखाचे लोक हायत. सरदार हाय, बंगाली हाय. नावं सांग, मी त्याइच्याकडून कागदावर लिहून आणतो. तसंच्या तसं कोरून देतो. माझा हात बारीक कामाले अजून चालते.'

हासणं गेलं.
'काकाजी, कोणाच्या बी हातानं कोणाचं बी नाव लिहाचं असतं तं मीच नसतं लिहिलं?'

मी लगेच उपाय काढतो. उपाय काढला की काम झालं वाटते मले. बुढी हे चाळीस सालापासून सांगते.

उठतानी तो म्हणे, 'हासले ते बैठकीत. तठी बोला.'
'बोलतो. अन् वसंताचं म्हणशील तं पोरगा तयार हाय.'
'ते शोभाचं शोभा पाहीन. मी मंधात नाई.'

ता. २५, शनि. धुळवड

पोट्ट्याइनं डालड्याच्या डब्याचं विमान कापून काठीले बांधलं अन् वरात काढली. जस्त्या पायलट, जस्त्या पायलट. नामदेवच्या घरासमोर जाऊन थांबले. दार बंद होतं.

मी काठी घेऊन धावलो. गुडघ्याचं काई वाटलं नाई. एकाचा कान धरला. ते लेकरू रडत म्हणे, 'तुमीच तं म्हणलं होतं काकाजी, जस्ताचं हाय!'

कान सोडला.

तठीच बोलाचं होतं. लोक जमेलच होते, पंधरा-वीस. दौलत बी होता, तोंड काळं करून. तोंड उघडलं अन् म्या काय म्हणलं? म्हणलं, 'चला, घरी जा सारे, सणाच्या दिवशी गोंधळ नका करू.' झालं. एवढंच निघालं. दाराच्या फटीतून कोणी पाहून राह्यलं असन तं तिनं बी तेवढंच आयकलं.

ता. २ एप्रिल, रवि.

काशीचं कार्ड. वसंतानं बापाले मनवलं. ९ ले येतात, त्याच ठिकाणी बसू म्हणे. जवाईबापूची एक अट हाय. 'दादाजीनं जिम्मा घ्यावा.' म्हणजे नामदेव फौजेत होता हे मी म्हणाचं, माझ्या नावावर.

माझं नाव म्हणजे काय. म्या खोटं म्हणलं तं सारे मानले. आता खरं म्हणतो तं पुरावा मांगतात.

बैठकीले कोण कोण होतं आठवून सात जण काढले. सात बी जणाच्या घरी सोता जाऊन सांगतलं, रविवारी या. दौलत म्हणे, 'काय काकाजी, आता काय घासाचं हाय?' टपरीतले हासले. चहा तसाच ठेवून निघालो.

बुढी म्हणे, कागदावर लिहून घ्या काय बोलाचं ते. म्या म्हणलं, काय भाषण हाय काय. मंग लिहिलं. मंग फाडलं.

ता. ९, रवि.

झालं. जसं झालं तसं लिहितो.

ऊन भारी. सातही आले. जवाईबापू, काशी, वसंता भिंतीशी. नामदेवनं विमान आणलं, फडक्यासकट मधात ठेवलं. आतल्या दाराशी बाया होत्या, आमची बुढी बी.

मी उभा राह्यलो. बसून जमलं नसतं. म्हणलं, 'बारा फेब्रुवारीले म्या अठी बसून या वस्तूले कानस मारली. धातू जस्त हाय म्हणलं. जस्तच हाय. पण त्याच्यावर याच्यासंगच्या तिघाइचे नावं होते, सुईनं कोरेल. मले ते दिसले. मले ओरखडे वाटले. मी चश्मा लावत नाई, अन् विचारत बी नाई. याले न विचारता ते घासून टाकले, अन् वरून याले खोटं ठरवलं. तुमी हासले, पण तुमाले म्या हासवलं. त्यातला एक माणूस मेला हाय. त्याचं अक्षर जगात आणखी कुठं असन-नसन मले माहीत नाई. अठी होतं.'

पुढं बी बोलाचं होतं. खोकलो. दौलत म्हणे, 'म्हणजे काकाजी, आता जस्ताचं सोनं झालं?' एक जण हासला अन् अर्ध्यातच चूप झाला, कारण नामदेव माझ्याकडं पाहून राह्यला होता, दौलतकडं नाई.

म्या म्हणलं, 'जस्तच हाय रे दौलत. मले लाज आली हाय, एवढंच हाय.'

पाणी कोणी तरी पुढं केलं. घेतलं. अर्धं सदऱ्यावर सांडलं.

वसंता उठला. नामदेवले विचारलं, 'पाहू काय जी?' नामदेवनं मान हलवली. विचारून घेतलं पोरानं. दाराशी उन्हात नेलं, उलटं केलं, लय वेळ पाह्यलं. जवाईबापू खाकरले. वसंता म्हणे, 'एक वळण हाय अजून. कोणाचं हाय जी हे?' नामदेव उठून त्याच्याजवळ गेला. 'बिमलचं. जाड हाय ना, पिनेचं हाय.' दोघं तठीच उभे राहून बोलत राह्यले, पोते, दरवाजा, थंडी किती, कानात काय घालत. बैठक मांगं, हे दोघं दारात. सात जण आयकून राह्यले. दौलत बी. वीस सालाचं त्यानं दहा मिनिटात सांगतलं, अन् फक्त एकानं विचारलं म्हणून.

शेवटी जवाईबापू म्हणे, 'बरं मंग. दादाजीनं जिम्मा घेतला, आमची काई हरकत नाई. आमच्याकडून होकार समजा.' असं म्हणे जसा परसाद वाटून राह्यला.

नामदेव येऊन बसला. आतल्या दाराकडं पाह्यलं. आतून काई आलं नाई. चहा बी बुढीनंच आणला.

'आमी कळवतो,' नामदेव म्हणे.

आमच्यात हे पोराकडचे म्हणतात. माझ्या जन्मात पोरीच्या बापाच्या तोंडून पहिल्यांदा आयकलं. जवाईबापूच्या हातातली बशी तशीच राह्यली. काशीनं पदर तोंडाले लावला, ती हासून राह्यली होती का रडून, मले समजलं नाई. वसंता म्हणे, 'हो जी. सावकाश कळवा.'

बसवर जवाईबापू मले बोलले नाई.

ता. १३, गुरु.

निरोप नाई. जवाईबापूचं कार्ड आलं, 'काय ते विचारून लगेच कळवा.' मी विचारणार नाई. कार्ड खिळ्याले लावलं.

टपरीवर गेलतो. दौलतनं नाव घेतलं नाई, पण दुसरा एक जण घेते. एकदा पडलेलं नाव लवकर निघत नाई. म्या तिकडं पाह्यलं तं चूप झाला. मी नसलो की घेत असन.

दुपारी शोभा आली. बादलीची कडी निघाली होती. बसवून देली. विचाराचं अगदी जिभेवर आलं. दोनदा आलं. गिळलं. तिनं कडी ओढून पाह्यली, पक्की हाय म्हणे. निघाली, अन् पायरीवरून मांगं वळली.

'काकाजी, केळझरच्या मास्तराइची बदली होते काय दूर? का तठीच राह्यतीन?'
'माहीत नाई मले. विचारून सांगू काय?'
'नको नको. सहज.'

गेली. मी कानस हातात घेऊन उभाच राह्यलो. बुढीले जाऊन सांगतलं, ती असं असं म्हणे, सहज म्हणे. याचा अर्थ काय? होकार हाय काय? आजच कार्ड टाकू काय केळझरले?

बुढी तांदूळ निवडत होती. वर बी पाह्यलं नाई.
'आता त्याले बी घासून पाहू नका.'

नाई पाहत.